कडी वाजते तेव्हा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी फोनवर विचारलं, "सर, यंदा विषय काय देताय?" मी म्हणालो, "कुत्रा." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी जपून विचारलं, "म्हणजे व्यवस्थेवर काही...?" म्हटलं, नाही हो. चार पाय, एक शेपूट, तो कुत्रा. या व्यासपीठावर आजवर पाणी झालं, सहकार झाला, शिक्षण झालं, त्यामुळे त्यांची अडचण मला कळली. पत्रिकेवर त्यांनी 'प्राणी आणि आपण' असं छापून वेळ निभावून नेली आहे. पण ज्यांच्या नावानं ही माला चालते ते गुरांचे डॉक्टर होते, तेव्हा इथे चार पायांचा विषय उपरा मानायचं कारण नाही.

डॉक्टरांची माझी पहिली आठवण गाईची आहे. मी तिसरी-चौथीत असेन. आमच्या गाईचं वासरू गेलं आणि ती दूध देईना. आजी म्हणाली, "दूध चोरते मेली." गावात सगळे असंच म्हणतात, गाय पान्हा चोरते. कोणी पेंढा भरलेलं वासरू पुढे ठेवायचा सल्ला दिला, कोणी पाय बांधून पिळा म्हणालं. डॉक्टर सायकलवरून आले, गोठ्याच्या दाराशी नुसते उभे राहिले आणि आजीला म्हणाले, "चोरत नाही हो आजी, भ्यालीय ती. भ्यालेल्या गाईचं दूध उतरत नाही." औषध काही दिलं नाही. गोठ्यातली गर्दी बाहेर काढली. धार एकट्या आईनं काढायची, रोज त्याच वेळेला, आणि आरडाओरडा करायचा नाही, एवढंच सांगून गेले.

पुढे कधीतरी वाचलं की कासेत दूध उतरायला ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक लागतं आणि भीतीच्या वेळी अंगात वाढणारं अॅड्रिनॅलिन त्याला आडवं येतं. डॉक्टरांनी यातला एकही शब्द आजीपुढे उच्चारला नव्हता. त्यांनी फक्त 'चोरते' हे क्रियापद काढून तिथे 'भ्यालीय' ठेवलं होतं. आजचं माझं सगळं व्याख्यान त्या अदलाबदलीबद्दल आहे. जनावरावर आरोप ठेवणारी क्रियापदं आपल्या तोंडात फार सहज येतात. साठ वर्षांनी ती माझ्याही तोंडात आली, तेव्हा सांगायला डॉक्टर नव्हते.

आमच्या घरी खारी आली ती गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात. रंग चहाबरोबरच्या खारीचा, म्हणून नाव खारी. गावठी कुत्री, दातांवरून वय दोनेक वर्षं. कानाला खाच, म्हणजे नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. सरकारच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली, आधी २००१ चे आणि आता २०२३ चे, रस्त्यावरच्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया होते आणि ओळख पटावी म्हणून कानाला अशी खाच देतात. चहाच्या टपरीपाशी राहायची. गाडीखाली पाय मोडला, प्राण्यांच्या निवाऱ्यातल्या मुलांनी तिला उचलून नेलं, पाय बरा केला. आम्ही दोघं निवृत्त, मुलगा परदेशी, घर तिसऱ्या मजल्यावर. सगळं जुळून आलं असं वाटलं.

पहिले पाच दिवस ती आमच्या पायाशीच होती. गुळगुळीत फरशीवर घसरायची, लिफ्टला भ्यायची, पंखा सुरू केला की मान वर करून बघत बसायची. सहाव्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. चाळीस मिनिटांत परतलो, तर जिन्यातच तिचं रडणं ऐकू आलं. भुंकणं नव्हे ते, गळा काढणं. दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला खालच्या दोन फुटांत रंग उरलेला नव्हता, नुसतं लाकूड. उंबऱ्याशी मुताचं थारोळं, त्यात लाळ. पुढच्या पंजाचं एक नख उखडलेलं, त्याचे ठिपके फरशीभर. आणि माझी सगळ्यात जुनी, घामानं काळी पडलेली कोल्हापुरी चप्पल चावून लगदा केलेली. नवी चप्पल शेजारीच होती, तिला दातही लावला नव्हता.

बायको म्हणाली, "सूड उगवला हिनं, सोडून गेलो म्हणून." आणि मी, इतकी वर्षं मुलांना गणित शिकवलेला माणूस, वर्तमानपत्राची सुरळी करून तिच्यावर ओरडलो. सुरळी जमिनीवर आपटली. ती कान पाडून, नजर चुकवून कपाटाखाली शिरली. मी म्हटलं, बघ, चूक कळलीय तिला.

ती नजर पुढे मला फार छळत राहिली. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातल्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी नेमक्या याच अपराधी चेहऱ्यावर २००९ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केला आहे. मालकानं मनाई केलेला खाऊ कुत्र्यापुढे ठेवून मालक बाहेर जातो. कधी कुत्रा तो खातो, कधी खात नाही. परतलेल्या मालकाला मात्र खरं काय झालं ते सांगतातच असं नाही, कधी उलटंही सांगतात. दिसलं ते असं की अपराधी चेहरा कुत्र्यानं खाल्लं की नाही यावर अवलंबून नव्हता, मालक रागावतो की नाही यावर होता. काहीही न केलेले, पण बोलणी खाल्लेले कुत्रेही तसाच चेहरा करत होते. म्हणजे खारी कपाटाखाली शिरली ती दाराचा रंग काढला म्हणून नाही. घरी आलेला माणूस अंगावर येतो, एवढंच तिला त्या दिवशी कळलं. एकटं राहण्याच्या भीतीत मी परत येणाऱ्याची भीती मिसळून ठेवली.

आणि चप्पल? जुनी का? तर तिला माझा वास सगळ्यात जास्त होता. पाळण्यातलं मूल आईच्या लुगड्याचं टोक चोखतं, त्याला आपण सूड म्हणत नाही.

आता एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. दोन वर्षं जी रस्त्यावर ऊन, पाऊस, ट्रक, दुसऱ्या टोळीचे कुत्रे सगळं सोसून राहिली, तिला पंख्याखाली, पोटभर जेवून, चाळीस मिनिटं एकटीनं बसवत नाही? लोक म्हणाले, तुम्ही लाडावली. मला वाटतं, उत्तर आपल्या गावातच आहे. आळीतला कुत्रा कोणाचा असतो? कोणाचाच नाही आणि सगळ्यांचा. या घरी चतकोर, त्या घरी ताकाचं भांडं. नामदेवांच्या कथेतला तो कुत्रा आठवा, कोरडी भाकरी घेऊन पळालेला, आणि मागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. कीर्तनात आपण नामदेवांकडे बघतो. मी हल्ली कुत्र्याकडे बघतो. तो आला, भाकरी घेतली आणि गेला. दार कोणी लावलं नाही, कारण त्याच्या आयुष्यात दार हा प्रकारच नव्हता. खारीच्याही नव्हता. टपरीवर रात्री दोनला कोणी ना कोणी असायचंच, नसलं तर दुसऱ्या टपरीपर्यंत चालत जायची तिला मुभा होती. एकटेपण तिनं अनुभवलं नव्हतं असं नाही. बाहेरून लावलेली कडी मात्र तिनं अनुभवली नव्हती. ती कडी आमची.

शिवाय अशी जनावरं माणसाला फार लवकर धरतात. बुडापेस्टच्या योझेफ तोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये, मेरी एन्सवर्थ यांनी तान्ह्या मुलांसाठी बसवलेली आई-जाते-आई-येते ही चाचणी ५१ कुत्र्यांवर आणि त्यांच्या मालकांवर करून पाहिली. कुत्र्यांचं मालकाशी वागणं मुलांच्या आईशी वागण्यासारखंच निघालं. तिथल्याच गटानं पुढे २००१ मध्ये निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर प्रयोग केला. दहा-दहा मिनिटांच्या फक्त तीन भेटींत त्या कुत्र्यांनी अनोळखी माणसाला आपलं मानायला सुरुवात केलेली दिसली. तीस मिनिटं! आमच्याकडे खारी पाच दिवस होती. आपल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांबद्दलही काम झालं आहे. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा यांचा गट अशा मोकळ्या कुत्र्यांचाच अभ्यास करतो. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं की अनोळखी माणसावर विश्वास बसायला जास्तीच्या खाण्यापेक्षा डोक्यावरून फिरवलेला हात अधिक कामी येतो. भाकरीचं इमान म्हणतो ना आपण, त्यात भाकरीचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा कमी असावा.

इमान म्हणजे प्रेम, आणि प्रेम म्हणून रडते, असंही काही जण म्हणाले. तेही मला पटत नाही. नख उखडेपर्यंत दार खरवडणं हे प्रेम नव्हे, घबराट आहे. सूड म्हणा की इमान म्हणा, दोन्हीत आपण स्वतःलाच मधोमध बसवतो.

मग करायचं काय? जनावरांच्या डॉक्टरीण बाईंनी मला पहिलं काम दिलं ते बघण्याचं. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर दाराकडे तोंड करून ठेवा, बाहेर पडा, आणि परत येऊन चित्रफीत बघा. बहुतेक कुत्र्यांची घबराट पहिल्या अर्ध्या तासातच दिसते, खारीची तर मिनिटाच्या आत दिसली. कडी वाजली. अकरा सेकंद ती नुसती दाराकडे बघत उभी. मग जिभेनं नाक चाटलं. मग एक जांभई, झोपेची नव्हे, कुत्रा अस्वस्थ झाला की देतो ती. विसाव्या सेकंदाला पुढचा एक पाय उचललेला. पस्तिसाव्याला धाप. पन्नासाव्याला पहिली कुंईऽ. मी दार उघडलं ते दोन मिनिटांनी, तोवर ती पंजे मारायला लागली होती. ती फीत मी सात-आठ वेळा पाहिली असेल. गोष्ट अकराव्या सेकंदालाच बिघडली होती, आणि आम्ही हिशोब मिनिटांचा मांडत होतो.

इथे माझ्यातला गणिताचा मास्तर जागा झाला. दोनशे पानी वही घेतली. रकाने आखले: तारीख, सेकंद, काय दिसलं. पहिली नोंद आहे पाच सेकंदांची. म्हणजे दाराबाहेर पडायचं, कडी लावायची, मनात पाच मोजायचे आणि आत येऊन, काही विशेष घडलं नाही अशा थाटात, वर्तमानपत्र उचलायचं. पुढची नोंद आठ. मग तीन. मग सात. चढत चढत जायचं नाही, कधी मोठा आकडा, कधी एकदम लहान, नाहीतर कुत्र्याला गणित कळतं! जांभई दिसली की त्या दिवसापुरतं थांबायचं आणि दुसऱ्या दिवशी खाली उतरायचं. ती घाबरायच्या आत परत यायचं, घाबरल्यावर नाही, सगळी मेख तेवढ्यात आहे.

ही पद्धत नवी नाही. जोसेफ वोल्पे नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं जोहान्सबर्गमध्ये, भीती बसलेल्या मांजरांना आधी भीतीच्या खोलीपासून दूर, मग जरा जवळच्या, मग आणखी जवळच्या खोलीत खायला घालून ती भीती उतरवली होती. १९५८ मध्ये त्यानं माणसांसाठी त्याचं पुस्तक लिहिलं. विमानाला, लिफ्टला, गर्दीला भिणाऱ्या माणसांवर आज तेच वापरतात. मांजराकडून माणसाकडे गेलेली विद्या आम्ही कुत्र्याकडे आणली, एवढंच.

दार हा शेवटचा अंक झाला. त्याआधी नांदी असते. माझी नांदी अशी होती: इस्त्रीची पँट, मग पाकीट, मग खुंटीवरची किल्ली, मग हेल्मेट. किल्ली खुळखुळली की खारी झोपेतून उठून दाराशी. तेव्हा मी दिवसातून वीस वेळा किल्ली घ्यायचो आणि चहा पीत बसायचो. हेल्मेट घालून भाजी निवडायचो. हेल्मेटधारी नवरा मेथी निवडतोय हे दृश्य बायकोनं मुलाला फोनवर दाखवलं. दहाएक दिवसांत किल्लीला खारी एक डोळा उघडायची आणि मिटायची.

सगळ्यात अवघड अट निराळीच होती. सराव चालू असताना तिला तिच्या मर्यादेपलीकडे एकदाही एकटं ठेवायचं नाही. वहीत चाळीस सेकंद लिहिलेत ना, मग लग्नाला तीन तास जायचं नाही. एकदा भिंत कोसळली की महिन्याचं बांधकाम जातं. आम्ही चार महिने दोघं मिळून कुठेही गेलो नाही. मुंज, बारसं, दशक्रिया, सगळीकडे एकेकटे. नातेवाइकांना वाटलं आमचं भांडण झालंय. सल्ले तर किती आले! रडू द्या, सवय होते, बालवाडीत पहिल्या दिवशी पोरं रडतातच की. बालवाडीत बाई असते, आणि बंद खोलीत रडून गप्प झालेलं मूल शहाणं झालं असं नसतं, कधी कधी ते फक्त दमलेलं असतं. पिंजऱ्यात ठेवा, असंही झालं. ठेवून पाहिलं, तिनं गज चावले, लगेच बंद केलं. खाऊत गुंतवा म्हणाले, म्हणून दहीभात भरून गोठवलेलं रबरी खेळणं ठेवलं. एकटी असताना तिनं त्याला तोंड लावलं नाही, आम्ही आत येताच चाटून पुसून साफ. एक फायदा झाला. खेळणं न चाटता पडलेलं दिसलं की फीत न बघताही आकडा चुकला हे कळायचं.

दुसरा कुत्रा आणा, म्हणजे हिला सोबत, हा सल्ला सगळ्यांत पटणारा. प्रौढ कुत्र्यांना नव्या जागी एकटं, मग पिंजऱ्यातल्या जोडीदाराबरोबर, मग ओळखीच्या माणसाबरोबर ठेवून त्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक मोजलेला १९९६ चा एक अमेरिकी प्रयोग आहे. जोडीदारानं ताण उतरला नाही, माणसानं उतरला. मित्राचा लॅब्राडोर आम्ही दोन दिवस घरी आणून पाहिला. खारी रडत होती आणि तो शेजारी बसून तिचा दहीभात खात होता.

अन् काही लोक हसत म्हणाले, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. शेपूट वाकडंच असू दे की. आम्ही कुठे ते सरळ करतोय?

दिवाळीपर्यंत सहा मिनिटं जमली होती. लक्ष्मीपूजनाच्या रात्री समोरच्या मैदानात फटाक्यांची माळ लागली आणि सहाचे शून्य झाले. आवाजाची भीती आणि एकटेपणाची भीती बऱ्याच कुत्र्यांत हातात हात घालून येतात. तेव्हा डॉक्टरीण बाईंनी गोळी काढली. फ्लुओक्सेटिन. माणसांना उदासीनतेवर देतात तीच. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कुत्र्यांच्या एकटेपणाच्या विकारासाठी आधी १९९८ मध्ये क्लोमिप्रामिन आणि मग २००७ मध्ये फ्लुओक्सेटिन मंजूर केलं, तेही वागणुकीच्या शिकवणीबरोबर द्यायचं म्हणून. गोळी एकटी काही शिकवत नाही, शिकण्याइतकं मन स्थिर करते. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. तपासणी करून, वजनावर मात्रा ठरवून जनावरांच्या डॉक्टरांनीच ती द्यायची. आपल्या घरच्या डब्यातली काढून देऊ नका, हात जोडून सांगतो. सोसायटीत बातमी पसरली, सरांच्या कुत्रीला वेड्याची गोळी चालू आहे. म्हटलं, मधुमेहाची मला चालू आहे, त्याची कोणी बातमी केली नाही.

समोरच्या काकूंचं सांगायचं राहिलं. पहिल्याच आठवड्यात सेक्रेटरींकडे तक्रार गेली होती ती काकूंची. रास्तच होती, त्यांच्या भिंतीला लागून आमचा दरवाजा. जानेवारीत बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि दोघांनाही जाणं भाग होतं. वहीत आकडा होता अठरा मिनिटं. मी काकूंच्या दारात उभा राहिलो. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "मला काही कुत्र्याबिड्याचं कळत नाही हो. मी आपली मटार सोलत बसेन." दोन किलो मटार आणि परात घेऊन त्या आमच्या दिवाणखान्यात बसल्या. आम्ही दुपारी परतलो तेव्हा जिन्यात आवाज नव्हता. दार उघडलं तर परातीत दाणे, परातीबाहेर टरफलं, आणि टरफलांत नाक खुपसून खारी झोपलेली. काकू म्हणाल्या, "पहिला तासभर दाराकडे बघत होती. मग म्हटलं, अगं ते येतील, तोवर हा घे." मटाराचा दाणा. त्या दिवसापासून काकूंचा दाणा आमच्या उपचारात आहे.

होळीपर्यंत दीड तास झाला. तो आकडा वहीत मी लाल शाईनं लिहिला आहे. एकदा दहा मिनिटं पार पडली की पुढची मिनिटं भराभर येतात. पाच सेकंदांपासून दहा मिनिटांपर्यंत जेवढे दिवस गेले, जवळपास तेवढ्यांतच दहा मिनिटांचे दीड तास झाले. आलेख काढून मी बाईंना दाखवला. त्या सौजन्यानं म्हणाल्या, छान आहे.

गोळी आता कमी करत बंद झाली आहे. आज खारीची मर्यादा चार तासांची आहे. पाच होणार की नाही, माहीत नाही. चारवर थांबली तर आम्ही आमचा दिवस चारचा करू.

दाराला आम्ही रंग दिलेला नाही. आलेला प्रत्येक जण विचारतो, हे काय झालं? मी सांगतो, घाबरली होती.

बायको सध्या मुलाकडे गेली आहे, त्यामुळे इथे यायला मी आज दुपारी एकटाच निघालो. पँट, पाकीट, किल्ली. खारीनं खाचेचा कान उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाडला. कडी लावून सवयीनं मी बाहेर पाच मोजले. आतून काही आवाज आला नाही. पाच वाजता काकू येऊन बसल्या असतील. मटाराचा मोसम संपला, आता गवार मोडतात. खारी गवारीला तोंड लावत नाही, पण बसते शेजारी. काकूंना साडेदहापर्यंत येतो असं सांगितलंय, आणि चिटणीस साहेब, पुण्याची शेवटची एसटी आठ वाजता सुटते असं तुम्हीच म्हणाला होतात. तेव्हा आभाराचं भाषण जरा आवरतं घ्या.